सात जणांना न विकलेली रेकॉर्ड

बोलक्या माणसांचे किस्से बोलता बोलता खर्च होतात. माझ्यासारखीचे साठत जातात. मी वर्गात बोलत नाही, लिफ्टमध्ये बोलत नाही. रिक्षावाल्याला "यहीं रोको" म्हणायचं तरी आधी दोनदा घसा खाकरते, आणि तोवर रिक्षा पुढच्या गल्लीत पोचलेली असते. पण ऐकू सगळं येतं! आणि नंदूमामाच्या दुकानात रोज तीन तास बसल्यावर ऐकायला काही कमी पडत नाही.

दुकान म्हणजे हाटकेशच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तळमजल्यावरचा एक गाळा. डावीकडे स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात. उजवीकडे इरफानचाचा मिठाईचे खोके बनवतात. आणि मधे माझा मामा रेकॉर्ड विकतो. त्या मोठ्या काळ्या, सुई ठेवून ऐकायच्या. एका भिंतीला जुन्या हिंदी-मराठी, दुसऱ्या भिंतीला परदेशातून आलेल्या, प्लास्टिकमध्ये सीलबंद. पहिल्या भिंतीपाशी गिऱ्हाईक विचारतं, "अमुक आहे का?" दुसऱ्या भिंतीपाशी सगळे एकच विचारतात, "एवढी महाग का?"

मामा पूर्वी एअरपोर्टवर कार्गो सोडवण्याच्या ऑफिसात होता. त्यामुळे या प्रश्नाचं खरं उत्तर त्याला तोंडपाठ आहे. पण खरं उत्तर लांबलचक आहे, आणि ते संपेपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही. म्हणून तो माणूस बघून उत्तर देतो.

मी नववीत आहे. आई पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर असते, तिची ड्यूटी साडेसहाला सुटते. तोवर शाळेतून आले की मी मामाकडे. कोपऱ्यात माझं एक स्टूल आहे. त्यावर बसून मी अभ्यास करते, आणि हेवा करते. गिऱ्हाईक रेकॉर्ड काखेत मारून निघालं की मला त्याच्या काखेचासुद्धा हेवा वाटतो.

*

सगळ्यात आधी जिग्नेशभाईंचा किस्सा. त्यांचं भाईंदरला भांड्यांचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात माल पॉलिशला टाकायला येतात आणि तो होईपर्यंत आमच्याकडे टाइमपास करतात.

एकदा त्यांनी एक परदेशी रेकॉर्ड हातात घेऊन तोलून पाहिली. तराजूत तोलतात ना, तशीच.

"नंदूभाई, इसमें प्लास्टिक कितना? दो सौ ग्राम भी नहीं. और साढ़े चार हज़ार? इतने में मैं पूरा डिनर सेट दूँ! छत्तीस पीस! ऊपर से ग्लास फ्री!"

मामा हिशेबाची भाषा बोलायच्या मूडमध्ये नव्हता. तो म्हणाला, "शेठ, आपका डिनर सेट बजा के दिखाओ. फिर रेट की बात करेंगे."

जिग्नेशभाई रेकॉर्ड ठेवून निघून गेले. मला वाटलं, रागावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले. हातात एक ताट आणि एक चमचा. ताट तीन बोटांवर धरलं, चमच्याने कडेवर हलकेच ठोकलं, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले.

"सुना? पूरा सूर है! और ये, नंदूभाई, दो सौ चालीस का!"

मामाने खरंच त्यांच्याकडून ते ताट विकत घेतलं. आम्ही त्यात भेळ खातो.

*

परदेशातून पार्सल आलं की दुकानात सोवळं पाळतात. चहा बाहेर ठेवायचा. पंखा बंद. हात धुऊन, पुसून, मगच कात्री. मामा एकेक रेकॉर्ड डोळ्यांच्या रेषेत धरून तिची कड बघतो. रेकॉर्ड उन्हाने वाकते, आणि वाकली की सुई तिच्यावर होडीसारखी वरखाली होते.

म्हणून मामा कुरिअरवर विश्वास ठेवत नाही. माल भिवंडीच्या गोडाऊनला आला की स्वतः स्कूटरवरून आणायला जातो. मे महिन्यात असाच गेला. खोकं पायांपाशी ठेवून घोडबंदर रोडने परत येताना वरसाव्याच्या पुलापाशी अडकला. पुलावर ट्रक बंद पडलेला. दीड तास! डोक्यावर हेल्मेट, पायांपाशी खोकं, आणि वर ऊन.

दुकानात येऊन खोकं उघडलं तर वरच्या तीन रेकॉर्ड पापडासारख्या झालेल्या. हजारो मैल विमानाने नीट आल्या, आणि वरसाव्याला वाकल्या!

मामाने त्या दोन काचांच्या मधे घालून आमच्या घरी पलंगाखाली ठेवल्या, वर तांदळाचा डबा. आठ दिवसांनी काढल्या, तर तशाच. आई म्हणाली, "नंदू, आता तळून तरी बघ!"

त्यानंतर एक गृहस्थ आले. चांगले शिकलेले वाटत होते. म्हणाले, "इतकी किंमत का हो? कस्टम ड्यूटी असते, ना?"

"नाही," मामा म्हणाला. "वरसाव्याचा ट्रॅफिक."

त्यांनी जराही न हसता मान हलवली. त्याच रस्त्याने ठाण्याहून आले होते.

*

वाकलेल्या रेकॉर्डचं पुढे काय होतं, ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं. मामा त्या एका खोक्यात टाकायचा. त्या खोक्याला तो 'लंगडं खोकं' म्हणतो. वाकलेल्या, चरा पडलेल्या, कुणी तक्रार करून परत आणलेल्या, सगळ्या त्यात. तक्रार आली की मामा वाद घालत नाही, मुकाट्याने परत घेतो. महिन्यातून एकदा कुणीतरी येऊन अख्खं खोकं घेऊन जायचं.

बाबांच्या वाढदिवसाला आम्ही जवळच्याच एका कॅफेत गेलो. समोरच्या भिंतीवर सहा घड्याळं. गोल, काळी. मी जरा निरखून पाहिलं.

त्या आमच्या रेकॉर्ड होत्या! मधोमध भोक मोठं केलेलं, त्यात काटे बसवलेले. एकीच्या मधल्या लेबलवरून मी ती ओळखली. तिच्यातलं पियानोचं एक गाणं मला फार आवडायचं. पावणेपाच वाजले होते. तासकाटा बरोबर त्या गाण्यावर होता.

बाबा म्हणाले, "काय छान आयडिया आहे, नाही?"

मी सँडविच तसंच ठेवलं. त्या दिवशी मी एक गोष्ट ठरवली. मला आवडणारी रेकॉर्ड त्या खोक्यात कधी जाऊ द्यायची नाही.

*

आता 'मला आवडणारी रेकॉर्ड' म्हणजे कुठली, ते सांगायला हवं.

हिरव्या कव्हरची. कव्हरवर एक दगडी जिना, आणि जिन्यावर पाठमोरी बाई, अनवाणी. पोर्तुगीजमध्ये गाते. मला एक शब्द कळत नाही. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात ती एका ओळीनंतर थांबते, श्वास घेते, आणि मग आवाज असा वर नेते की मला माझ्या वहीतली अक्षरं दिसेनाशी होतात.

मामाची पद्धत अशी की नव्या मालातली एखादी रेकॉर्ड तो उघडतो, लोकांना ऐकवायला. "न ऐकता साडेचार हजार कोण देईल?" ती बाई अशी उघडली गेली. उघडली म्हणून शंभर रुपये कमी!

मी एकदा, फक्त एकदाच, विचारलं होतं, "मामा, ही आपण घरी नेली तर?"

"घरी प्लेअर आहे का गो? नेऊन काय, पोळ्या लाटणार त्यावर?"

तो हसला. मीही हसले. मग मी पुन्हा विचारलं नाही.

*

राई गावचे दामूआजोबा आले, त्या दिवशी तीच रेकॉर्ड चालू होती. आजोबांचं घर खाडीजवळ. मुलाने घर पाडून नवं बांधायला घेतलं, तेव्हा माळ्यावर जुन्या रेकॉर्डची पिशवी निघाली. ती घेऊन ते विकायला आले होते.

मामाने बघितल्या. "आजोबा, एकेकीचे पन्नास देतो."

आजोबांनी समोरच्या भिंतीवरची किंमत वाचली. मग बोटाने एकेक आकडा धरून परत वाचली.

"हिचं साडेचार हजार, नि माझीचं पन्नास?"

"ती बाहेरून आलीय आजोबा. विमानाचं भाडं आहे तिला."

"मंग माझ्या काय चालत आल्या? रिक्षाचं भाडं धर की!"

मामाने मुकाट्याने रिक्षाचे पैसे धरले. चहा मागवला. आजोबा चहा पीत त्या बाईचं गाणं ऐकत बसले. तो श्वास, तो वर जाणारा आवाज, सगळं. माझी इच्छा होती की त्यांना आवडावं.

चहा संपल्यावर त्यांनी कप ठेवला आणि काळजीने विचारलं, "ही बाय एवढी रडते कशाला? तिनं बी हीच इकत घेतली हाय का?"

*

इरफानचाचांच्या गाळ्यात खोके कापायचं पंचिंग मशीन आहे. त्याचा ठोका पडला की आमची फरशी हलते, आणि फरशी हलली की प्लेअरवरची सुई उडी मारते. सुई उडाली की रेकॉर्डवर चरा. म्हणून मामा आणि चाचांनी एक पद्धत ठरवलेली आहे. मशीन सुरू करण्याआधी चाचा भिंतीवर दोनदा ठोकतात. मामा सुई उचलतो. मशीन थांबलं की चाचा एकदा ठोकतात, मामा पुन्हा सुई ठेवतो. नवं गिऱ्हाईक घाबरतं. त्याला वाटतं, भिंतीत कुणीतरी आहे.

दिवाळीच्या आधी मिठाईच्या खोक्यांच्या ऑर्डरी असतात. मशीन थांबतच नाही. तेव्हा पंधरा दिवस आमच्या रेकॉर्डच्या दुकानात गाणं बंद!

दिवाळी अजून लांब होती, तेव्हाच्या एका दुपारी मामा बँकेत गेला होता. मी हिरवी रेकॉर्ड लावली. दुसरी बाजू, तिसरं गाणं. डोळे मिटले. ती बाई ओळ संपवून थांबली, श्वास घेतला...

चाचांनी ठोकलं असणार. नेहमीच ठोकतात. मला ऐकूच आलं नाही! फरशी हलली, सुई उडाली आणि परत पडली.

मी रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली धरली. केसाएवढी एक रेघ. पुन्हा लावून पाहिली. श्वास, मग 'टक', मग वर जाणारा आवाज. गाणं पुढे नीट चालत होतं. फक्त तेवढ्या जागी एक टक. बंद खिडकीवर नखाने एकदाच वाजवावं, तशी.

मामा आला तेव्हा मी भूगोल वाचत होते. पुस्तक उलटं नव्हतं, एवढं मी बघितलं होतं.

सांगितलं असतं तर मामा रागावला नसता. पण रेकॉर्ड लंगड्या खोक्यात गेली असती. आणि मग भिंतीवर. पावणेपाच वाजता.

*

त्यानंतर मी दोन कामं सुरू केली.

पहिलं काम, ती रेकॉर्ड लपवणं. मी ती जुन्या मराठी भजनांच्या ओळीत सरकवून ठेवायची. मामा वैतागायचा. "ही बाई परत भजनाला कशी गेली?" मी पुन्हा भजनांतच ठेवायची.

दुसरं काम, बोलणं! कुणी तरीही ती शोधून काढली आणि "एवढी महाग का?" विचारलं, तर मामाच्या आधी मी बोलायला लागले. मामाचं ते लांबलचक खरं उत्तर. मला ते पाठ झालेलं होतंच.

"त्याचं असं आहे," मी सुरू करायची. "बाहेरच्या देशात या मुळातच थोड्या बनवतात. आपण त्यातल्या चार-पाचच मागवतो, म्हणून घाऊक भाव मिळत नाही. जहाजाने स्वस्त पडतं, पण महिने लागतात आणि कंटेनरमध्ये तापून वाकतात. म्हणून विमान. विमानात नुसतं वजन बघत नाहीत, खोकं किती जागा खातं तेही बघतात, आणि कोपरे दुमडू नयेत म्हणून खोकं मोठंच लागतं. मग मालाची किंमत, त्यात भाडं, त्यात विमा, या सगळ्या बेरजेवर कस्टम. आणि ते कस्टम धरून वर जीएसटी. म्हणजे टॅक्सवर टॅक्स. त्यात रुपया घसरला की तेही आपल्यावर. मधला आयात करणारा त्याचा हिस्सा घेतो. एखादी वाकडी निघाली तर परत पाठवता येत नाही, कारण परत पाठवायचं भाडं तिच्याहून जास्त. मग तिचे पैसे बाकीच्यांवर चढतात. म्हणजे ही घेतलीत तर तुम्ही थोडे दुसऱ्याच कुणाच्या तरी वाकड्या रेकॉर्डचेही पैसे देणार."

शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. ते ऐकलं की गिऱ्हाईक रेकॉर्ड हळूच जागेवर ठेवायचं.

एक कॉलेजचा मुलगा तर म्हणाला, "थँक यू, दीदी. आपने बचा लिया!"

मामा खूश! त्याला वाटलं, भाची धंद्यात उतरली. आईला फोन करून म्हणाला, "ताई, मानसी बोलायला लागली! अगं, गिऱ्हाईकांशी! थांबत नाही!" आईने त्या रात्री शिरा केला.

दोन महिन्यांत ती रेकॉर्ड मी सात जणांना विकली नाही. शिरा मात्र खाल्ला.

*

आणि मग तन्वी आली.

तन्वी माझ्या वर्गात आहे. माझ्या पुढच्या बाकावर. तिचं सगळं आधीच झालेलं असतं. गृहपाठ, केसांचा कट, स्पर्धेत नंबर. वाढदिवसाला तिला रेकॉर्ड प्लेअर मिळाला, सुटकेससारखा उघडणारा, लाल रंगाचा. वर्गात तिने फोटो दाखवले. मीही बघितले, दोन डोक्यांच्या मधून.

ती दुकानात शिरली आणि म्हणाली, "हाय मामा!"

माझ्या मामाला मामा! ओळख ना पाळख!

आणि मामा लगेच, "ये गो, ये!" ते 'गो' त्याने आजवर मला आणि आईला सोडून कुणाला म्हटलं नव्हतं.

बसायला तिला माझं स्टूल दिलं. मी उभी राहिले. तिने चार रेकॉर्ड ऐकल्या, त्यातल्या दोनांवर नाक मुरडलं, एक घेतली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "तू रोज इथेच असतेस? सगळं फुकट ऐकतेस? कसली लकी आहेस यार!"

लकी! लाल प्लेअर तिच्याकडे, आणि लकी मी! रागाने मला त्या दिवशी गणिताचं एक उदाहरण जमलं नाही.

*

पुढच्या वेळी ती पप्पांना घेऊन आली. तन्वी सीलबंद भिंतीपाशी होती, म्हणून मी निर्धास्त होते. पण तिचे पप्पा तिच्या आजीसाठी भजनं शोधत होते. एकेक चाळत होते. मी वही बंद केली. उठावं की बसावं, कळेना.

"हे काय भजन आहे?" पप्पांनी हिरवं कव्हर वर काढलं.

मामा म्हणाला, "अरे, गेली का ही पुन्हा तिकडे! नाही हो, ती पोर्तुगालची. उघडलेली आहे, ऐकवतो."

त्याने पहिली बाजू लावली. इरफानचाचांचं मशीन त्या दिवशी नेमकं बंद! तन्वी आधी बोलत होती. मग बोलायची थांबली. मी तिला कधी थांबलेलं पाहिलं नव्हतं.

पप्पांनी किंमत वाचली. "चार हजार चारशे? अहो, फोनवर फुकट ऐकायला मिळतं की!"

तन्वी माझ्याकडे वळली. "मानसी, तू सांग ना. एवढी महाग का?"

अडीच वर्षं एका वर्गात, आणि तिला माझं नाव माहीत होतं!

पण ही संधी होती. मी सगळं सांगितलं. थोड्या बनवतात, विमान, मोठं खोकं, कस्टम, टॅक्सवर टॅक्स, रुपया. भिवंडीचं गोडाऊन, स्कूटर, वरसाव्याचा पूल, ऊन, पापड. पाचातल्या कुठल्या वाकल्या आणि ही कशी खाली होती म्हणून वाचली, तेही सांगितलं. शेवटी माझं वाक्य, दुसऱ्याच्या वाकड्या रेकॉर्डचे पैसे. इतकं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घशाला कोरड पडली.

तन्वीचे डोळे एवढे मोठे झाले होते.

"म्हणजे ही विमानात बसून आली? मी पण अजून विमानात नाही बसले! आणि एवढ्या सगळ्यातून वाचली?" तिने रेकॉर्ड मामाच्या हातातून घेतली. "पप्पा, हीच!"

मामाने नियमाप्रमाणे ती ट्यूबलाइटखाली फिरवून पाहिली. रेघ केसाएवढी होती, आणि मामाचा चष्मा कपाळावर होता. मी तोंड उघडलं. दुसरी बाजू, तिसरं गाणं, एवढंच म्हणायचं होतं. सांगितलं तर घड्याळ. नाही सांगितलं तर तन्वी.

मी तोंड मिटलं.

ती गेल्यावर मामाने कव्हरवरून काढलेलं किमतीचं स्टिकर माझ्या वहीवर चिकटवलं. "ठेव! तुझी पहिली विक्री!"

रेकॉर्ड तन्वीकडे. चार हजार चारशे माझ्याकडे, स्टिकरवर.

*

मग मी वाट बघायला लागले. तिला ती टक ऐकू येणार. ती तक्रार करणार. मामा वाद न घालता परत घेणार. आणि या वेळी ती खोक्यात जायच्या आधी मी म्हणणार, "मला दे." मी ते रिक्षात मनातल्या मनात रोज म्हणून बघत होते. "मला दे, मामा." दोनदा खाकरून.

पहिल्या आठवड्यात ती आली, रेकॉर्ड पुसायचा ब्रश घ्यायला. मामाने विचारलं, "बाई गाते ना नीट?"

"मस्त, मामा! रोज ऐकते!"

दुसऱ्या आठवड्यात आलीच नाही.

तिसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींना सांगत होती. मी मागच्या बाकावर डबा खात होते.

"अगं, त्यात एका जागी अशी टक होते. मला वाटलं, गाण्यातच आहे. फोनवर ऐकलं तर तिथे नाहीच! म्हणजे जगात फक्त माझ्याच रेकॉर्डवर आहे. एकदम स्पेशल. आता फोनवर ऐकलं ना, की तिथे रिकामं रिकामं वाटतं."

मैत्रिणी म्हणाल्या, "वॉव!"

माझ्या डब्यात शिरा होता. मी तो तसाच परत नेला.

त्याच दिवशी शेवटचा तास चित्रकलेचा होता. बाई कपाट लावत होत्या, वर्ग आपापला रंगवत होता. विषय होता 'बाजार'. मी एक दुकान काढलं होतं आणि दारात कुणाला उभं करावं, याचा विचार करत होते. पुढच्या बाकावर तन्वी रंग भरता भरता गुणगुणायला लागली. अगदी हळू. दुसरी बाजू, तिसरं गाणं. सूर थोडा चुकत होता, पण तेच.

ती ओळ संपली. ती थांबली. श्वास घेतला.

आणि माझी पेन्सिल बाकावर वाजली. टक.

मी वाजवली नव्हती. वाजली.

तन्वीचा ब्रश हवेतच राहिला. ती हळूहळू मागे वळली. आधी माझ्या पेन्सिलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मानसी," ती म्हणाली, "ही तर फक्त माझ्याच..."

पुढचं तिने पुरं केलं नाही.

तिने ब्रश पाण्याच्या डबीत ठेवला. पाय बाकाच्या अलीकडे टाकून पूर्ण माझ्याकडे तोंड करून बसली. आणि तेच गाणं पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं. ओळ संपली, श्वास घेतला, आणि त्या जागेवर येऊन ती थांबली.

माझ्या पेन्सिलकडे बघत.